शिनोळीचं अनुदान आणि उद्यमबागेतले चार लेथ

या आठवड्याचं पत्र बेळगावातल्या अनगोळच्या एका वाचक वहिनींचं आहे. थोडं आखडून देते:

"ताई, उद्यमबागेत आमचं छोटं वर्कशॉप आहे. चार लेथ, एक जुनं व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन), सहा कामगार. फौंड्रीवाल्यांचं कास्टिंग (ओतीव भाग) येतं, आम्ही टर्निंग-बोअरिंग करून परत देतो. वर्षाला साधारण ७२ लाखांची लेबर बिलं होतात. यांच्या नावावर धंदा, हिशेब माझ्याकडे. जीएसटीची तारीख आली की घरात भांडण ठरलेलं, कारण गिऱ्हाइकाचे पैसे तीन-तीन महिने येत नाहीत आणि कर मात्र आधी भरायचा. वर प्रत्येक बिलातून १ टक्का कापून घेतात. लाईट बिल वेगळंच. शेजारच्या काकूंना कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० येतात, मला नाहीत, कारण आमचा जीएसटी आहे. धाकटे दीर म्हणतात, सीमेपलीकडे चंदगड तालुक्यातल्या शिनोळीला चला, तिथं महाराष्ट्र सरकार कर परत देतं, आणि आपल्या मराठी मुलखात धंदा होईल. यांचंही मन वळायला लागलंय. नाहीतर म्हणतात, जीएसटी बंद करून रोखीत काम करू. मी काय सांगू यांना? सांगा की ताई."

वहिनी,

आधी त्या १ टक्क्याचं सांगते. ते पैसे तुमचे आहेत आणि पत्रात तुम्ही ते गेल्याच खात्यात धरलेत. गिऱ्हाईक जो १ टक्का कापतं तो दंड नाही, वर्गणी नाही. तुमच्या मालकांच्या पॅनवर आगाऊ जमा झालेला आयकर आहे तो. ७२ लाखांवर १ टक्का म्हणजे ७२,००० रुपये. २०२५-२६ या वर्षापासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागत नाही. सहा जणांचे पगार, लाईट, टूल, भाडं वजा जाता तुमच्याकडे १२ लाखांच्या आतच उरत असणार. तसं असेल तर रिटर्न वेळेत भरलं की हे ७२,००० परत यायला हवेत. तुमच्या सीएंना विचारा, गेल्या वर्षीचा रिफंड कुठल्या खात्यात आला. आयकराच्या पोर्टलवर २६एएस नावाचा उतारा मिळतो, त्यात कोणी किती कापून भरले ते नावानिशी दिसतं. एखाद्या गिऱ्हाइकाने कापले आणि भरलेच नाहीत, हेही तिथेच उघडं पडतं. हा उतारा दर तिमाहीला तुम्ही स्वतः काढा. हिशेब तुमच्याकडे आहे म्हणता, तर हा कागद तुमच्या हातातून गेलाच पाहिजे.

याला जोडून एक काळजीची गोष्ट. बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के नफा दाखवून रिटर्न भरायची सोय आहे, आणि पुष्कळ लहान वर्कशॉपवाले तेवढाच दाखवतात. ७२ लाखांवर तो होतो ४ लाख ३२ हजार. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा असतो, कायदाही तेच सांगतो. पण मी तुम्हाला बँकेचं कारण देते. ते जुनं व्हीएमसी कधीतरी बदलावं लागेल. तेव्हा मॅनेजर तीन वर्षांची रिटर्न मागतो आणि त्यातल्या नफ्यावर कर्जाचा आकडा ठरवतो. आठ-नऊ लाख कमावून सव्वाचार दाखवणारी माणसं मी कर्जासाठी रडकुंडीला आलेली पाहिली आहेत. १२ लाखांच्या आत कर शून्यच असेल, तर खरं उत्पन्न लपवून मिळवायचं तरी काय?

आता गृहलक्ष्मी. तुमचं वाईट वाटणं मला समजतं. बाई स्वतः किंवा तिचा नवरा आयकर भरत असेल किंवा जीएसटीचं रिटर्न भरत असेल तर त्या बाईला हे पैसे मिळत नाहीत, असा नियम आहे. जीएसटी असलेला प्रत्येक जण सुखवस्तू असतो हे गृहीतच चुकीचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. नंबर आहे एवढ्यावर घर ठरवण्यापेक्षा उलाढाल बघायला हवी होती. पण वर्षाचे २४,००० मिळावेत म्हणून नंबर बंद करायचा विचार डोक्यातून काढून टाका. एकतर तो बंद करताच येणार नाही. जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीने केलेलं काम, ही सेवा धरली जाते आणि सेवेला २० लाखांच्या वर नोंदणी सक्तीची आहे. दुसरं, तुमच्याकडे नंबर नसेल तर फौंड्रीवाल्याला तुमच्या बिलावर कराचं क्रेडिट (बिलातला कर स्वतःच्या करातून वजा करायची सोय) मिळत नाही, मग तो शेजारच्या शेडमध्ये कास्टिंग टाकेल. आणि शक्ती योजनेची बायकांना फुकट बस, गृहज्योतीचे घरगुती २०० युनिटपर्यंतचे लाईट यांना जीएसटीची अट नाही. ते तुम्हीही घेताच, घ्यायलाच हवं. तुमच्या बिलातल्या राज्याच्या हिश्श्यातूनच ते चालतं.

रोखीचं बोलणं तर घरात पुन्हा नको. २०२५ च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून हजारो लहान दुकानदारांना नोटिसा गेल्या, त्यात भाजी-दूध विकणारेही होते ज्यांच्या मालावर करच नाही. त्यांना किती मनस्ताप झाला ते आपण पाहिलं. तुमचं तर कापलेल्या १ टक्क्यावरून सगळं आधीच नोंदलेलं आहे. ७२ लाख मिळाले हे खात्याला तुमच्याआधी कळतं.

घरातलं भांडण ज्यावरून होतं त्या तारखेकडे येते. बिल केलं की कर लागू होतो, पैसे आले-नाही आले ते सरकार विचारत नाही. हे लहान धंद्याला फार जाचक आहे आणि मी कधीच त्याचं समर्थन करणार नाही. पण दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत.

पहिली बिलाच्या तारखेची. समजा ३० जूनला काम पूर्ण झालं. त्याच दिवशी बिल केलंत तर कर २० जुलैला. जॉबवर्कला काम संपल्यापासून ३० दिवसांत बिल करायची मुभा आहे. कास्टिंग ३० जूनला चलनावर पाठवून बिल १ जुलैचं केलंत, तर तोच कर २० ऑगस्टला. एका दिवसाच्या फरकाने अख्खा महिना मिळतो, आणि यात लपवाछपवी काही नाही. महिन्याच्या शेवटच्या तीन-चार दिवसांची बिलं एवढी एकदा बघा. आगाऊ पैसे आले असतील तर मात्र ही सोय नाही.

दुसरी गोष्ट उद्यम नोंदणीची, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीची. ती फुकट आहे, आधार-पॅनवर घरबसल्या होते. २०२३-२४ पासून आयकर कायद्यात अशी तरतूद आहे की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे गिऱ्हाइकाने ४५ दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च त्याला त्या वर्षी वजा धरता येत नाही. ज्या वर्षी पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो. लेखी करार नसेल तर मुदत फक्त १५ दिवसांची. म्हणजे तुमचे चार लाख त्याने मार्चअखेर थकवले, तर त्या चार लाखांवर त्याला स्वतःचा नफा समजून कर भरावा लागतो. हा कायदा आल्यापासून मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात माझ्या अशिलांची जुनी येणी वसूल होताना मी डोळ्यांनी पाहतेय. उद्यमचा नंबर बिलावर जीएसटी नंबरच्या खाली ठळक छापा आणि गिऱ्हाइकाच्या अकाऊंट्सवाल्याला मेलही करून ठेवा. एखादं गिऱ्हाईक यावर नाराज होऊन काम कमी करेल, हा धोका खरा आहे. म्हणून मालकांनी फौंड्रीत स्वतः जाऊन सांगावं, नोटीस दिल्यासारखं करू नये.

आता शिनोळी. यावर मी दोन दिवस विचार केला, कारण दीरांच्या बोलण्यात तथ्य नाही असं मला म्हणता येत नाही. महाराष्ट्राने मागास तालुक्यांसाठी प्रोत्साहन योजना चालवल्या आहेत, तालुक्याच्या वर्गाप्रमाणे लाभ बदलतो, आणि त्यात राज्याचा जीएसटी परत मिळणं, वीज शुल्कात माफी, व्याजात सवलत असं बरंच काही आलं. वेंगुर्ला रस्त्याने अर्ध्या तासात दुसरं राज्य सुरू होतं, तिथं शेड मिळते, तर माणसाचं मन जाणारच.

पण तुमचंच एक बिल घेऊ. लेबर १,००,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. आज तुमचा जीएसटी नंबर कर्नाटकाच्या २९ ने सुरू होतो, गिऱ्हाइकाचाही २९ ने. म्हणून बिलावर ९,००० केंद्राचे आणि ९,००० कर्नाटकाचे. उद्या शिनोळीला गेलात की तुमचा नंबर महाराष्ट्राच्या २७ ने सुरू होणार. गिऱ्हाईक मात्र उद्यमबागेतच राहणार, त्याचा नंबर २९. मग बिलावर सरळ १८,००० चा आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी) लागतो, आणि त्यातला राज्याचा हिस्सा जातो काम ज्याला पोचलं त्या राज्याला, म्हणजे परत कर्नाटकालाच. महाराष्ट्राच्या तिजोरीत त्या बिलातून एसजीएसटीचा, म्हणजे राज्याच्या जीएसटीचा, रुपया येत नाही. आणि २०१९ च्या महाराष्ट्राच्या योजनेतलं मुख्य अनुदान बांधलेलं होतं ते महाराष्ट्रातल्या विक्रीवर लागणाऱ्या एसजीएसटीला. मग परत द्यायला महाराष्ट्राकडे तुमचं काय असणार?

दीरांना हे बिल कागदावर मांडून दाखवा. कर परत मिळतो हे खरं आहे, पण कागल-कोल्हापुरात माल विकणाऱ्या कारखान्याला. तुमची सगळी गिऱ्हाइकं बेळगावात असतील तर त्या अनुदानाचा मोठा भाग तुमच्यापर्यंत पोचायचाच नाही. शिवाय तुम्ही वस्तू विकत नाही, मजुरी करता. मजुरीच्या बिलाला ही योजना लागते का, हे वेगळं विचारावं लागेल. आणि अनुदान नव्या गुंतवणुकीला असतं. टेम्पोत घालून नेलेले जुने लेथ त्यात धरतील अशी आशा ठेवू नका. उलट एका राज्यातल्या नंबरवरून दुसऱ्या राज्यातल्या नंबरवर मशीन हलवणं हाच कायद्याने पुरवठा ठरतो आणि त्यावर कराचं बिल करावं लागतं. क्रेडिट पुढे मिळतं, पण रोकड तेवढा काळ अडकते.

दररोजचा त्रास त्याहून मोठा. उद्यमबागेतून एका राज्याच्या मालकाने दुसऱ्या राज्यातल्या जॉबवर्करकडे माल पाठवला, तर किंमत कितीही असो, ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी ऑनलाईन काढायचा कागद) लागतंच. ५०,००० ची सूट तिथे नाही. आज तुमच्याकडे हातगाडीवरून दोन कास्टिंग येतात, चलनावर सही होते, काम सुरू. उद्या त्याच दोन कास्टिंगसाठी फौंड्रीच्या पोराला संगणकापुढे बसावं लागेल. तो दुसऱ्या महिन्यात कंटाळेल. तुमची खरी पुंजी हीच आहे ना, की अडीनडीला संध्याकाळी सहाला कास्टिंग टाकलं तर सकाळी मिळतं?

कामगारांचंही बघा. कर्नाटकात महिन्याला २५,००० च्या आत पगार असलेल्याला व्यवसाय कर नाही. महाराष्ट्रात १०,००० च्या वर पगार गेला की पुरुषाला महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५०० पडतात. बायकांना तिथं २५,००० पर्यंत सूट आहे. तुमच्या १८,००० च्या लेथवाल्याला रोजचा जाण्यायेण्याचा खर्च आणि हा कर, दोन्ही अंगावर येणार. तो तुमच्याकडून भरून मागेल, नाहीतर उद्यमबागेतच दुसरं काम धरेल. चांगला टर्नर जाणं म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको.

पंधरा वर्षांपूर्वी माझ्या एका अशिलाने सवलतीपायी शेड हलवली होती, कुठल्या बाजूची ते सोडा. पात्रतेचा कागद मिळाला, पहिलं अनुदान हातात पडायला तिसरं वर्ष उजाडलं. तोवर त्याने बायकोचे दागिने बँकेत ठेवले होते. अनुदान आलं, पण तोवरच्या व्याजात बरंचसं गेलं. त्या बाई हिशेबाच्या वह्या घेऊन माझ्या टिळकवाडीच्या ऑफिसात बसल्या होत्या, ते अजून आठवतं. म्हणून मी कुणालाही एकच हिशेब आधी करायला लावते: अनुदानाचा आकडा शून्य धरा आणि धंदा तिथं चालतो का बघा. चालत असेल तर जा, अनुदान वरचं.

सवलती वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. हिमाचल आणि उत्तराखंडला २००३ मध्ये उत्पादन शुल्कात माफी मिळाली आणि बद्दीसारख्या गावात औषधांचे कारखाने उभे राहिले, हजारो हातांना काम मिळालं. पण जिथं सीमेच्या दोन्ही बाजूंना लोक तेच, रस्ता तोच, तिथं दोन राज्यं सवलतींची बोली लावतात तेव्हा बरेचदा नवा रोजगार तयार होत नाही, आहे तोच दहा-पंधरा किलोमीटर सरकतो. मागे उरलेल्या शेडसमोरचा चहावाला, टेम्पोवाला, वेल्डर यांचं जातं. आणि सोडून दिलेला कर कोणीतरी दुसऱ्याने भरायचा असतो. पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर असल्याने ते तर आपल्याला रोज दिसतं. कोल्हापूरकडच्या गाड्या निपाणीच्या पंपांवर येऊन टाकी भरत आल्या, कारण इथं दर कमी असायचे. पण जून २०२४ मध्ये कर्नाटकाने डिझेलवरचा विक्रीकर १४.३ वरून १८.४ टक्के केला आणि एप्रिल २०२५ पासून २१.१७. राज्याला पैसा लागला की तो असा गोळा होतो, आणि तो आपल्या बाजारातून गोव्याला जाणाऱ्या भाजीच्या टेम्पोपासून तुमच्या कास्टिंगच्या टेम्पोपर्यंत सगळ्यांकडून जातो. त्याला क्रेडिट नाही.

लाईट बिलाचा मुद्दा मात्र मी बाजूला टाकत नाही. २०२३ च्या जूनमध्ये दरवाढीविरुद्ध कर्नाटकातल्या उद्योजकांनी बंद पाळला होता, तो उगाच नव्हता. शिनोळीतल्या तेवढ्याच जोडभाराच्या एखाद्या वर्कशॉपचं बिल मागून घ्या आणि तुमच्या बिलाशेजारी ठेवा. युनिटचा दर, स्थिर आकार आणि त्यावरचा कर या तीन ओळी वेगवेगळ्या जुळवा, फक्त खालची बेरीज बघू नका. महिन्याला किती वाचतं तो आकडा काढा. शिनोळीच्या बाजूने काही खरं वजन असेल तर ते इथं सापडेल.

दीरांच्या शेवटच्या वाक्यावर लिहिताना माझाही हात जरा थांबला. मराठी मुलखात धंदा. १९५६ पासून आपल्या घराघरात हे दुःख आहे, माझ्या वडिलांच्याही होतं. सरकारी कागद आपल्या भाषेत मिळावा, कचेरीत आपलं म्हणणं आपल्या शब्दांत सांगता यावं, ही ओढ खोटी नाही आणि ती कुणी हसण्यावारी नेऊ नये. पण वहिनी, उद्यमबागेत तुमच्या यजमानांनी एवढी वर्षं शब्दावर कमावलेली पत, तुमच्या शेडमध्ये दिवसभर चालणारं मराठी, हाही आपलाच मुलूख आहे. महाराष्ट्र सरकार सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी ज्या शिक्षणाच्या, आरोग्याच्या योजना देतं, त्या इथल्या रहिवासावर आहेत. त्यासाठी लेथ हलवावे लागत नाहीत.

तर दीरांना नाही म्हणू नका. त्यांना कामाला लावा. कोल्हापूरच्या जिल्हा उद्योग केंद्रात त्यांनी जावं आणि चार प्रश्नांची उत्तरं लेखी आणावीत: चंदगड तालुका आज कोणत्या वर्गात आहे, मजुरीच्या बिलावर अनुदान आहे का, कर्नाटकातल्या गिऱ्हाइकाला केलेल्या आयजीएसटीच्या बिलाचं काय, आणि जुनी मशीनं धरतात का. आपल्या बेळगावच्या उद्योग केंद्रातही जावं. कर्नाटकाचंही २०२५-३० चं औद्योगिक धोरण आहे, आणि नवं व्हीएमसी इथंच घेतलं तर काय मिळतं ते आजवर तुम्ही कोणी विचारलेलं नाही, असं पत्रावरून वाटतं.

तोवर तुम्ही २६एएस काढा, उद्यमचा नंबर घ्या आणि या महिन्याच्या शेवटच्या चार बिलांच्या तारखा बघा. दोन्ही लाईट बिलं आणि दीरांनी आणलेले कागद हाती आले की मला परत लिहा, पुढचा हिशेब आपण मिळून करू.

तुमची ताई